मुंबईत राहून पवनऊर्जा वापरायची असेल तर: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मुंबईत पवनऊर्जेविषयी विचारणा करणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो: आमच्या इमारतीच्या गच्चीवर पवनचक्की बसवता येईल का? समुद्र जवळ आहे, विसाव्या मजल्यावर पडदे सतत उडत असतात, पावसाळ्यात तर छत्री उघडणे अशक्य होते. मग हा वारा विजेत का उतरू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. या लेखात त्याच प्रश्नापासून सुरुवात केली आहे. मात्र माझे मत आधीच स्पष्ट केलेले बरे. मुंबईकराच्या घरात वाऱ्याची वीज यायची असेल, तर तिचा खरा मार्ग गच्चीवरून जात नाही. तो वीजबिलातून आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतून जातो. हे मत पटण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे आणि ते शाळेत शिकलेल्या गणितापलीकडचे नाही.

पहिली पायरी: वाऱ्याचे गणित समजून घ्या

वाहत्या हवेतून मिळू शकणारी शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पात्यांनी व्यापलेले वर्तुळाकार क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. यांपैकी वेग सर्वांत निर्णायक आहे, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्शावर येते. शिवाय वाऱ्यातील सगळी शक्ती काढून घेणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, कारण हवा पात्यांच्या मागे पूर्ण थांबली तर पुढची हवा यायचीच बंद होईल. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे ही कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. प्रत्यक्षात मोठ्या पवनचक्क्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पोहोचतात आणि लहान यंत्रे त्याहून बरीच खाली राहतात.

आता दोन मीटर व्यासाचे एक लहान टर्बाइन घेऊ. त्याची पाती सुमारे ३.१४ चौरस मीटर जागा व्यापतात. मुंबईच्या उष्ण हवेची घनता घनमीटरला साधारण १.१७ किलो धरली, तर सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्या वर्तुळातून फक्त ५० वॅट शक्ती वाहते. कार्यक्षमता ३० टक्के धरली तर हाती लागतात १५ वॅट, म्हणजे जेमतेम एका मोठ्या एलईडी दिव्यापुरते. वेग ६ मीटर झाला तर १२० वॅट मिळतात आणि १२ मीटर झाला तर सुमारे ९५० वॅट. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात "१ किलोवॅट" असे जे ठळक छापलेले असते, ते याच शेवटच्या वेगासाठी असते. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा मुंबईत वादळी दिवशी वाहतो, रोज वाहत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. वाऱ्याचा सरासरी वेग सांगितला म्हणजे सर्व कळले असे होत नाही. समजा, दिवसाचा अर्धा वेळ वारा सेकंदाला २ मीटरने आणि अर्धा वेळ ६ मीटरने वाहिला, तर सरासरी ४ येते आणि ४ चा घन ६४ होतो. पण दोन्ही वेगांचे वेगवेगळे घन करून त्यांची सरासरी काढली, तर ती ११२ येते. वेगवान तासांचे योगदान सरासरीत दबून जाते. म्हणून गंभीरपणे अंदाज बांधायचा असेल, तर तासागणिक नोंदी लागतात.

दुसरी पायरी: आपल्या जागेचा वारा तपासा

सुरुवात घरबसल्या करता येते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने जागतिक बँकेच्या साहाय्याने तयार केलेला "ग्लोबल विंड ॲटलस" हा नकाशा विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात मुंबई शोधावी, मग साताऱ्याच्या पश्चिमेचे डोंगरमाथे आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका शोधावा, आणि एकाच उंचीवरील वेगांची तुलना करावी. रंगांतला फरक पाहिला की पुढचा अर्धा लेख वाचण्याची गरज उरणार नाही, इतका तो बोलका आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनेही देशाचे असेच नकाशे तयार केले असून, जमिनीपासून १५० मीटर उंचीवर भारताची पवनक्षमता सुमारे ११६४ गिगावॅट असल्याचा तिचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १७४ गिगावॅट महाराष्ट्राच्या वाट्याला येतात.

हवामान खात्याचे वेग बहुधा ताशी किलोमीटरमध्ये असतात. त्यांना ३.६ ने भागले की सेकंदाला मीटर हा आकडा मिळतो. कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांच्या नोंदी वर्षभर पाहिल्या, तर एक चित्र स्पष्ट होते. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळी तो पुन्हा मंदावतो. जून ते ऑगस्ट या काळात मात्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे वेग लक्षणीय वाढतो. म्हणजे आपल्या शहराचा वारा हंगामी आहे आणि तो वर्षभर पुरत नाही.

नकाशा मोकळ्या जागेचा वेग सांगतो. तुमची गच्ची मोकळी नसते. हातात धरायचे वेगमापक यंत्र आता सहज विकत मिळते. ते घेऊन दुपारी साडेतीनच्या सुमारास गच्चीवर जावे. प्रथम समुद्राच्या बाजूच्या कठड्याशी उभे राहावे, मग पाण्याच्या टाकीच्या मागे, मग लिफ्टच्या खोलीच्या छपराखाली. कठड्याशी आकडा क्षणात ५ वर जातो आणि क्षणात १ वर उतरतो; टाकीच्या मागे यंत्राचा पंखा थबकतो आणि उलट्या दिशेनेही फिरतो. ही घुसळण केवळ कमी वाऱ्यापेक्षा अधिक हानिकारक असते, कारण तिच्यामुळे पात्यांवर आणि बेअरिंगवर असमान ताण येतो. जगभर लहान टर्बाइनसाठी साधारण एक नियम पाळला जातो: १५० मीटरच्या परिघातील कोणत्याही अडथळ्यापेक्षा पाती निदान ९ ते १० मीटर वर असावीत. दादर, घाटकोपर किंवा बोरिवलीत आपल्या इमारतीच्या दीडशे मीटरच्या आत काय काय उभे आहे, ते गच्चीवरून मोजून पाहावे. आज मोकळी असलेली बाजू पुनर्विकासानंतर तशी राहील याचीही खात्री नसते.

हे सर्व विचारात घेऊन, अडथळा अजिबात नाही असे गृहीत धरले आणि वार्षिक सरासरी वेग सेकंदाला ३.५ मीटर मानला, तरी दोन मीटर व्यासाच्या टर्बाइनपासून वर्षाला दोनशे ते अडीचशे युनिटच्या पुढे फारसे काही अपेक्षित नाही. त्याच गच्चीवर १ किलोवॅटचे सौर पॅनेल सुमारे दहा चौरस मीटर जागेत वर्षाला तेराशेच्या आसपास युनिट देते, आणि त्यात झिजणारा एकही फिरता भाग नसतो. गच्चीसाठी निवड करायची असेल तर सौर पॅनेल निवडावे, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन.

तिसरी पायरी: तरीही गच्चीवर टर्बाइन बसवायचेच असेल तर

शाळा, महाविद्यालये किंवा समुद्राला अगदी लागून असलेल्या संस्था शैक्षणिक हेतूने लहान टर्बाइन बसवतात आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी पुढील बाबी खरेदीपूर्वी निस्तराव्यात. गच्ची ही सामाईक मालमत्ता असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. फिरत्या यंत्राचा भार आणि कंपने इमारतीला सोसतील काय, याचा लेखी दाखला संरचना अभियंत्याकडून घ्यावा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तिचा अहवाल हाताशी असतो. विमानतळाच्या परिसरात उंचीवर निर्बंध आहेत, म्हणून कुर्ला, विलेपार्ले, सांताक्रूझ भागात मनोऱ्याची उंची आधी तपासून घ्यावी. निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वरच्या मजल्यावरील रहिवाशांची झोप हा वादाचा सर्वांत मोठा विषय ठरू शकतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले होते. तेव्हा अतिवेगात यंत्र आपोआप कसे थांबते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून सुटे भाग कोणत्या धातूचे आहेत तेही विचारावे.

चौथी पायरी: वीजबिल हातात घ्या

पवनऊर्जा मुंबईत कोठून येते, हे येथे समजते. आपले बिल कोणाकडून येते ते प्रथम पाहावे. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरांच्या मोठ्या भागात अदाणी इलेक्ट्रिसिटी, शहर आणि उपनगरे दोन्हीकडे टाटा पॉवर, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, अशी साधारण विभागणी आहे. बिलावर स्थिर आकार, ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. मंजूर भार (म्हणजे आपल्या जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त जितकी वीज वापरायला परवानगी आहे तो आकडा) आणि महिन्याचे युनिट हे दोन आकडे वहीत टिपून ठेवावेत आणि मागील बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करावी.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये सर्व ग्राहकांसाठी हरित वीजदराची सोय केली. नेहमीच्या दरावर प्रति युनिट काही पैसे अधिक द्यायचे आणि त्या बदल्यात कंपनीने आपल्या वापराइतकी वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे. त्या आदेशात हा अधिभार ६६ पैसे होता. त्या हिशेबाने महिना २५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला १६५ रुपये जास्त पडले असते. दर आयोगाच्या आदेशांनुसार बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला दर कंपनीच्या ग्राहक केंद्रातून किंवा संकेतस्थळावरून पाहून घ्यावा. अर्जासाठी ग्राहक क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक जवळ ठेवावेत.

अर्ज केल्यानंतर आपल्या तारांतून वेगळी वीज येत नाही, हे नवख्याने नीट समजून घ्यावे. कोळशाची, पाण्याची, उन्हाची आणि वाऱ्याची वीज जाळ्यात एकत्र मिसळते. वेगळा राहतो तो फक्त हिशेब. आपण अधिभार भरला की त्या हिशेबात हरित खरेदीच्या बाजूला आपले युनिट नोंदले जातात. म्हणून तो हिशेब चोख आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कंपनीला लेखी तीन प्रश्न विचारावेत: माझ्यासाठी घेतलेल्या विजेत वाऱ्याचा वाटा किती, ती कोणत्या प्रकल्पातून घेतली, आणि कायद्याने कंपनीला जी नवीकरणीय वीज घ्यावीच लागते तिच्याव्यतिरिक्त ही आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वितरण कंपन्यांना नवीकरणीय विजेचा ठरावीक हिस्सा घेणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या अधिसूचनेनुसार हा हिस्सा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर जायचा आहे. तीच वीज पुन्हा आपल्या नावावर दाखवली गेली, तर आपल्या पैशाने नवे काहीच उभे राहत नाही.

मुंबईला दूरवरून वीज आणण्याची सवय जुनी आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून सह्याद्रीच्या उतारावरची वीज या शहराला देत आले आहे. आता राजस्थानातील जैसलमेरच्या सौर-पवन संकरित प्रकल्पाची वीजही उपनगरांत येते. संकरित प्रकल्पाचे मर्म ऋतुचक्रात आहे: पावसाळ्यात आभाळ भरून आले की सौर पॅनेल मंदावतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पवनचक्क्या वर्षातली सर्वाधिक वीज देतात. रात्री ऊन नसते, वारा असू शकतो. एकाच वाहिनीतून दोन्ही आणल्या की वाहिनी रिकामी राहण्याचे तास कमी होतात. मुंबईसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण शहराबाहेरून वीज आत आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता हीच येथे दीर्घकाळ अडचण राहिली आहे. ऑक्टोबर २०२० च्या वीजबंदीत तिची जाणीव सर्वांना झाली. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर त्यात मोठी सुधारणा झाली.

मुंबईसमोरच्या समुद्रात पवनचक्क्या का नाहीत, असेही विचारले जाते. सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये केंद्राने पहिल्या १००० मेगावॅटसाठी अर्थसाहाय्य मंजूर केले. मात्र ते गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॅट असे आहे.

पाचवी पायरी: सोसायटीचा सामाईक मीटर

घरोघरी पटवत बसण्यापेक्षा लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या सामाईक मीटरपासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण त्याचे बिल सर्वांचे असते आणि निर्णय एका ठरावाने होतो. सभेत चिटणीसांनी बारा महिन्यांचे युनिट, अधिभाराची एकूण रक्कम आणि प्रत्येक सदनिकेवर पडणारा मासिक भार असे तीनच आकडे मांडावेत. बहुधा तो भार एका वडापावाच्या किमतीच्या आसपास निघतो आणि विरोध ओसरतो.

मोठ्या गृहसंकुलांना आणखी एक मार्ग खुला आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनुसार मंजूर भार १०० किलोवॅट किंवा अधिक असलेला ग्राहक थेट पवन किंवा सौर उत्पादकाशी करार करू शकतो, आणि नंतरच्या दुरुस्तीनुसार एकाच वीज विभागातील अनेक जोडण्यांचा भार एकत्र मोजता येतो. येथे मात्र घाई करू नये. उत्पादकाचा दर स्वस्त दिसला तरी त्यावर पारेषण आकार, वहन आकार, वाहिन्यांत वाया जाणाऱ्या विजेचा खर्च आणि अन्य अधिभार चढतात. उत्पादकाच्या दाराशी मिळणारा दर न पाहता सर्व आकार धरून आपल्या मीटरवर येणारा अंतिम दर लेखी मागावा, आणि वारा कमी असलेल्या महिन्यांत तूट कोण भरून काढणार, हे करारात स्पष्ट असावे.

सहावी पायरी: पवनचक्की जवळून पाहा

हा भाग वगळू नये, असा माझा आग्रह आहे. सातारा शहरातून ठोसेघरच्या रस्त्याने पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. पाटण तालुक्यातील वनकुसवडेच्या पठारावरही पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. राज्यातील पवनऊर्जेची सुरुवात १९८६ च्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या यंत्रांनी झाली होती. साताऱ्याच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रे उभी राहिली. आज महाराष्ट्राची स्थापित पवनक्षमता पाच हजार मेगावॅटच्या वर आहे आणि देशाने मार्च २०२५ मध्ये पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला.

पठारावर उभे राहून तीन गोष्टी निरखाव्यात. मनोऱ्याच्या टोकावरची पेटी वारा फिरला की हळूहळू वळते आणि पात्यांचे तोंड वाऱ्याकडे धरते. वारा जोराचा झाला की प्रत्येक पाते आपल्या आसाभोवती थोडे तिरके होते आणि जादा वारा सोडून देते. वेग सेकंदाला साधारण २५ मीटरच्या वर गेला की यंत्र स्वतःला थांबवते. आणि दुरून संथ दिसणारी पाती प्रत्यक्षात विलक्षण वेगवान असतात: १२० मीटर व्यासाचे नवे यंत्र मिनिटाला १२ फेऱ्या घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे २७० किलोमीटरने कापत जाते. २ मेगावॅटचे एक यंत्र वर्षातील सरासरी २५ टक्के क्षमतेने चालले, तर सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट देते. वर्षाला ३००० युनिट वापरणाऱ्या जवळपास १४६० कुटुंबांची ती गरज आहे.

याच पठाराने आणखी एक धडा दिला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाळकेवाडीला पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळले, आणि त्यांची भीती उरली नसल्याने सरड्यांची संख्या वाढून त्यांच्या शरीरस्थितीत आणि वागण्यात बदल झालेले दिसले. कास परिसराप्रमाणेच हे सडे म्हणजे खडकावरचा अतिशय नाजूक अधिवास आहे. पवनऊर्जेचा मी पुरस्कर्ता आहे, आणि म्हणूनच नवे मनोरे उभारण्याआधी जुन्या जागी जुनी लहान यंत्रे काढून मोठी बसवावीत, असे मला ठामपणे वाटते; तीच क्षमता कमी मनोऱ्यांत मिळते. पाहायला जाताना पठारावर गाडी घालू नये, खडकावरून जपून चालावे आणि कुंपणाच्या आत शिरू नये.

सातवी पायरी: गावाकडची जमीन

सातारा, सांगली, धुळे, धाराशिव भागात मूळ गाव असलेल्या मुंबईकरांकडे पवनचक्कीसाठी जमीन मागणारे मध्यस्थ येतात. अशा वेळी सातबारा उतारा आणि फेरफार आधी पाहावेत, सर्व हिस्सेदारांची नावे नोंदलेली आहेत याची खात्री करावी आणि कोऱ्या संमतिपत्रावर कधीही सही करू नये. मनोऱ्याची जागा वेगळी, तेथे जाणारा रस्ता वेगळा, वीजवाहिनीची पट्टी वेगळी; तिन्हींचे क्षेत्र आणि मोबदला स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. मुदत, वार्षिक वाढ, उरलेल्या शेतीचा वापर आणि नुकसानभरपाई यांचा उल्लेख असलेला करार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावा. यंत्राचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे असते. ते संपल्यावर मनोरा आणि काँक्रीटचा पाया कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने काढणार, हे कलम बहुतेक मसुद्यांत नसते. ते मागून घालून घ्यावे आणि त्यासाठीची अनामत रक्कमही करारातच नमूद करून घ्यावी.